परसबागेतील घूस आणि गृहस्थाची यतना
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी व्याख्यानासाठी 'घूस' हा विषय निवडला जावा, याचे कित्येकांना नवल वाटेल. तत्त्वचिंतन, ग्रंथपरंपरा, शिल्पकला अशा भारदस्त विषयांच्या पंक्तीला परसबागेतील एखादे बीळ येऊन बसावे, हे प्रथमदर्शनी विनोदी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अहिंसेची परीक्षा प्रवचनमंडपात होत नाही. तेथे सर्वच उत्तीर्ण असतात. ही परीक्षा घरात, दुकानात, शेतात आणि अंगणात होते. आणि बहुधा ती अशा वेळी होते, की जेव्हा परीक्षा चालू आहे याचे भानही गृहस्थाला नसते. मोठ्या कष्टाने जोपासलेल्या गुलाबाच्या मुळाशी एके सकाळी मातीचा ताजा ढीग दिसतो, आठवड्याभरात निशिगंधाचा वाफा पोखरला जातो, घराच्या जोत्याला भोक पडते. आणि त्याच दिवशी संध्याकाळी बाजारातून विषाची पुडी घरात येते. ती पुडी उघडण्यापूर्वीच्या क्षणाचा विचार करणे, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

या प्रसंगातील एक विसंगती सर्वप्रथम ध्यानात घ्यावयास हवी. अनेक घरांत सकाळी अंगणात पक्ष्यांसाठी ज्वारी-बाजरीचे दाणे टाकण्याचा परिपाठ आहे. जीवदयेची ही परंपरा आदरणीय आहे, यात शंका नाही. मात्र पक्षी सर्व दाणे टिपून नेत नाहीत. उरलेले दाणे फरशीच्या फटींत, कुंड्यांच्या आडोशाला, गवतात पडून राहतात आणि सूर्यास्तानंतर त्यांच्यावर दुसऱ्याच जिवांची पंगत बसते. उंदीर व घुशी हे प्राधान्याने निशाचर. रोज ठरल्या ठिकाणी, ठरल्या वेळी आयते अन्न मिळते असे कळल्यावर ते दूर कशाला राहतील? ते तेथेच घर करतात. मग ज्या हाताने सकाळी दाणे टाकले, तोच हात रात्री त्याच अंगणात विष ठेवतो. एका जिवाला दिलेले अन्न दुसऱ्या जिवाला दिलेले निमंत्रण ठरते आणि त्या निमंत्रणाची शिक्षा मात्र आलेल्या पाहुण्याला भोगावी लागते.

हा पाहुणा कोण, हेही नीट जाणून घेतले पाहिजे. कारण अज्ञानातून होणारी हिंसा पुष्कळ मोठी असते. बागेतले प्रत्येक भोक घुशीचे नसते. महाराष्ट्रात घूस या नावाने ओळखले जाणारे प्राणी मुख्यतः दोन जातींचे आहेत. मोठी घूस एक किलोच्या आसपास वजनाची होऊ शकते, तर शेतांत व वस्त्यांत अधिक प्रमाणात आढळणारी लहान घूस साधारणपणे पाव किलोच्या आगेमागे असते. इंग्रजीतील 'बँडिकूट' हा शब्द मुळात तेलुगू भाषेतून गेला आहे; 'पंदिकोक्कु' म्हणजे डुकरासारखा उंदीर. लहान घूस डिवचली असता गुरगुरते, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना या नावाचे मर्म सहज कळेल. घुशीच्या बिळाची खूण म्हणजे तोंडाशी पडलेला ताज्या, भुसभुशीत मातीचा ढीग. आत अनेक वाटा, एक निवाऱ्याची जागा आणि धान्य साठवण्याची कोठारे असतात. पुष्कळदा ती बिळाचे तोंड आतून मातीने बुजवूनही घेते.

याउलट घरातील काळा उंदीर हा मुख्यतः चढणारा प्राणी आहे. तो माळ्यावर, छपरात, नारळाच्या शेंड्यावर राहणे पसंत करतो. आणि भिंतीच्या कडेने चिकचिक आवाज करीत धावणारी, लांब नाकाची, उग्र वासाची चिचुंद्री तर उंदीर वर्गातलीच नव्हे. ती कीटकभक्षी आहे. झुरळे व किडे खाऊन ती गृहस्थावर उपकारच करते. केवळ दिसण्यातील साम्यामुळे असंख्य चिचुंद्र्या विनाकारण मारल्या जातात. ओळख पटविण्याचे कष्ट न घेता केलेला प्रहार हा प्रमादाचा स्पष्ट नमुना होय.

घूस बागेत येते ती तीन गोष्टींसाठी : अन्न, पाणी आणि आडोसा. जैन घरांत कंदमुळे वर्ज्य असली, तरी बागेतील निशिगंधाचे, लिलीचे, हळदीचे कंद घुशीला वर्ज्य नाहीत. गळक्या नळाखालची ओल, उघड्यावर पडलेले खरकटे, झाडाखाली कुजणारी फळे, कुंपणालगत रचलेल्या विटा व झावळ्या हे सारे तिच्या दृष्टीने सुखवस्तू संसाराचे साहित्य आहे. ऋतूंचाही यात भाग असतो. सांगली-कोल्हापूरकडे ऊसतोडणी झाली की फडातील आसरा नाहीसा होतो आणि घुशी लगतच्या वस्तीकडे सरकतात. नदीकाठच्या गावांत पुराचे पाणी बिळांत शिरले की त्या उंचवट्याच्या शोधात घराच्या जोत्यापाशी येतात. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांचे महापूर ज्यांनी अनुभवले, त्यांना हे निराळे सांगावयास नको. म्हणजे घुशीचे आगमन हे वैर नसून स्थलांतर आहे. तिला गृहस्थाशी भांडण करावयाचे नसते; तिला केवळ जगावयाचे असते.

असे असले तरी तिच्याकडे डोळेझाक करणे हाही मार्ग नव्हे. जोत्याखालची माती निघून गेली की फरशी खचते, भिंतीला तडा जातो. उंदीर-घुशींच्या मूत्रावाटे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू ओल्या मातीत व पाण्यात मिसळतात आणि पायावरील छोट्याशा जखमेतूनही शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर शहरात या रोगाची मोठी साथ आली होती. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, त्याची स्मृती तर महाराष्ट्राच्या लोकमानसात खोलवर रुतलेली आहे. तेव्हा लहान मुले ज्या मातीत खेळतात, त्या मातीत घुशींचा वावर राहू देणे ही अहिंसा नव्हे, ती बेपर्वाई आहे. प्रश्न आहे तो उपायाचा.

सर्वांत सोपा वाटणारा उपाय म्हणजे विष. परंतु ते क्रूर आहे एवढाच त्यावरील आक्षेप नाही. बागेपुरते पाहिले तर ते बहुधा निष्फळही ठरते. झिंक फॉस्फाइडची मात्रा अपुरी पडून एखादी घूस वाचली, की तिला त्या खाद्याची धास्ती बसते आणि बराच काळ ती त्याला तोंड लावीत नाही. जी मरते तिचे बीळ, तिची कोठारे आणि तिच्या वाटा तयारच असतात; शेजारची दुसरी घूस त्यात राहावयास येते. लहान घुशीचा गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा. एका वेळी साधारणतः सहा ते आठ पिले होतात आणि ती तीन महिन्यांच्या सुमारास स्वतः प्रजननक्षम होतात. ज्या अंगणात अन्न, पाणी व आडोसा कायम आहे, तेथे मारण्याचा वेग जन्माच्या वेगाला कधीच गाठू शकत नाही. पुडी दरवर्षी येते, घुशीही दरवर्षी येतात. वाढते ती फक्त पापाची बेरीज.

शिवाय विष एका जिवापाशी थांबत नाही. रक्त गोठू न देणाऱ्या ब्रोमॅडिओलोनसारख्या औषधाने प्राणी लगेच मरत नाही. तीन-चार दिवसांपासून आठवड्यापर्यंत तो आतल्या आत रक्तस्राव होत झिजतो. या काळात तो मंदावतो, भांबावतो, उघड्यावर येतो आणि नेमका त्याच वेळी तो गव्हाणी घुबडाच्या, मांजराच्या वा मुंगसाच्या तावडीत सापडतो. उंदराच्या शरीरातील विष भक्षकाच्या शरीरात उतरते. गव्हाणी घुबडाचे मुख्य अन्नच उंदीर व घुशी. निसर्गाने नेमलेला रखवालदार अशा रीतीने मारला जातो आणि पुढच्या वर्षी घुशींना मोकळे रान मिळते. पिवळ्या फॉस्फरसची उंदीरनाशक मलमे तर माणसाचे यकृत निकामी करतात. झिंक फॉस्फाइड पोटात गेल्यावर जो विषारी वायू तयार होतो, त्यावर नेमका उतारा नाही. घरात असे काही असेलच, तर ते मुलांच्या हाती लागणार नाही अशा कुलूपबंद जागी असावे. आणि दुर्दैवाने कोणाच्या पोटात गेलेच, तर घरगुती उपचारांत वेळ न दवडता वेष्टनासह तत्काळ रुग्णालय गाठावे.

विषाऐवजी चिकट सापळा वापरणे म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात पडणे होय. त्या पुठ्ठ्यावर अडकलेला जीव तासन्‌तास, कधी दिवसभर धडपडत, कातडी सोलून घेत, तहानेने मरतो. त्यावर पाली, चिमण्या, चिचुंद्र्याही अडकतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने या सापळ्यांविरुद्ध राज्यांना सूचना दिलेल्या आहेत. येथे तत्त्वार्थसूत्राचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार त्यात सांगितले आहेत, त्यांत जिवाला बांधून ठेवणे आणि त्याचे अन्नपाणी रोखणे या दोहोंचा समावेश आहे. चिकट सापळ्यात हे दोन्ही एकत्र घडतात. इतकेच कशाला, 'आम्ही मारीत नाही, केवळ पकडतो' असे समाधानाने म्हणणाऱ्या गृहस्थाचा पिंजरा दोन दिवस माळ्यावर विसरला गेला, तर तेथेही तेच घडते.

पिंजऱ्यात पकडून दूर सोडून येणे, हा अनेक सज्जनांचा आवडता मार्ग आहे. त्यामागील करुणा खरी असते. पण परिणामाचा विचार अपुरा असतो. घूस सोडली जाते ती बहुधा दुसऱ्याच्या शेताच्या बांधावर. तेथे ती पीक खाईल, शेतकरी तिला विष घालील, आणि सोडणारा मात्र निष्पाप राहिल्याच्या भावनेने घरी परतेल. अनोळखी जागी सोडलेला प्राणी बिळावाचून, अन्नाच्या वाटांवाचून, तेथील घुशींच्या हल्ल्याला तोंड देत फार काळ तग धरीत नाही. जर पकडलेली घूस आई असेल, तर बिळात तिची पिले उपाशी मरतात. आपल्या अंगणातील हिंसा दुसऱ्याच्या अंगणात नेऊन ठेवणे, यास अहिंसा म्हणता येणार नाही.

मग गृहस्थाने करावे तरी काय? जैन आचारात हिंसेचे चार प्रकार मानले जातात : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. मारण्याच्या हेतूने केलेली संकल्पी हिंसा श्रावकाने सर्वथा त्यागावी, आणि संसार, व्यवसाय व आत्मरक्षण यांत अटळपणे घडणारी उरलेली हिंसा यतनेने कमीत कमी करावी, अशी ही व्यवस्था आहे. यातील 'यतना' हा शब्द कळीचा आहे. यतना म्हणजे सावधपणा, जागरूकता, आगाऊ घेतलेली काळजी. तत्त्वार्थसूत्रातील हिंसेच्या व्याख्येतही प्राणघाताच्या मुळाशी असलेल्या प्रमादावर बोट ठेवले आहे. विषाची पुडी ही बहुतेक वेळा प्रमादाची भरपाई असते. जे काम आधी हळूहळू करावयाचे होते, ते न केल्यामुळे शेवटी घाईने मारावे लागते.

ही यतना प्रत्यक्षात उतरविणे अवघड नाही. आरंभ अन्नापासून करावा. पक्ष्यांचे दाणे जमिनीवर न फेकता उंचावर, गुळगुळीत खांबावरील थाळीत ठेवावेत. सकाळी तासाभरात संपतील एवढेच ठेवावेत आणि सायंकाळपूर्वी थाळी व खालची जमीन झाडून घ्यावी. रात्रिभोजनत्यागाचा नियम पाळणाऱ्या घरात सूर्यास्ताला स्वयंपाकघर आवरले जाते. तीच शिस्त अंगणालाही लावावी. गळून पडलेली फळे रोज उचलावीत. खरकट्याचे खत उघड्या खड्ड्यात न करता झाकणबंद, तळाला बारीक जाळी बसविलेल्या पिंपात करावे. गळका नळ दुरुस्त करावा. विटा, लाकडे, झावळ्या यांचे ढीग हलवावेत आणि घराच्या जोत्यालगत दीड-दोन फुटांचा पट्टा मोकळा, स्वच्छ ठेवावा. घुशीला उघड्यावरून जाणे धोक्याचे वाटते. आडोसा गेला की तिचा धीर सुटतो.

यानंतर अडसर. घुशीचे पुढचे दात आयुष्यभर वाढतच असतात. ती लाकूड, प्लॅस्टिक, कच्चा गिलावा सहज कुरतडते. म्हणून जस्ताचा मुलामा दिलेली, जाड तारेची, अर्ध्या इंचाहून मोठी नसलेल्या छिद्रांची लोखंडी जाळीच उपयोगी पडते. नवा वाफा करताना तळाशी ही जाळी अंथरून वर माती भरली, तर कंद सुरक्षित राहतात. कुंपणालगत व जोत्यालगत जाळी जमिनीत दीड-दोन फूट उभी गाडावी आणि तिचे खालचे टोक बाहेरच्या बाजूस फूटभर आडवे वळवावे. खोदणारा प्राणी भिंतीला चिकटून खाली उकरीत जातो. आडवी जाळी लागली की मागे सरून वळसा घालण्याची युक्ती त्याला सहसा सुचत नाही. मोरीच्या तोंडाला जाळी, पाइपाभोवतीच्या फटीत सिमेंट आणि दाराखाली पत्र्याची पट्टी बसविली की घराचेही रक्षण होते. हा खर्च एकदाच करावयाचा. विषाचा खर्च दरवर्षीचा.

जुनी बिळे बुजविताना घाई करू नये. प्रथम अन्न व आडोसा काढून घ्यावा. मग एका संध्याकाळी सर्व बिळांची तोंडे मातीने हलकेच बंद करावीत आणि सकाळी कोणती उघडली आहेत ते पाहावे. जी उघडली, तेथे वस्ती आहे. तेथे पिले असण्याचा संभव गृहीत धरून सुमारे महिनाभर थांबावे. तेवढ्या काळात पिले स्वतंत्र होतात, आणि अन्न मिळेनासे झाल्यावर पुष्कळदा बिऱ्हाड आपणहून हलते. काही दिवस सलग तोंड उघडलेले दिसले नाही, की मग बीळ खणून, दगड-माती ठोकून पक्के बुजवावे. बिळात हात घालू नये. रिकाम्या बिळांत साप आश्रय घेतात. माती हाताळताना हातमोजे व बूट घालावेत. धुरी देणे किंवा पाणी सोडणे टाळावे. त्यात पिले गुदमरतात आणि मोठी घूस दुसऱ्या तोंडाने निसटते. ध्वनिलहरींची यंत्रे विकत घेण्यापूर्वीही विचार करावा. त्यांच्या अवास्तव दाव्यांबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ साली अनेक उत्पादक व विक्रेत्यांना इशारा दिला होता.

धामण दिसताच काठी उचलण्याची सवयही सोडावयास हवी. धामण बिनविषारी असून उंदीर-घुशींची नैसर्गिक शत्रू आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे तिला संरक्षण आहे. गव्हाणी घुबडाला अपशकुनी ठरवून हुसकावणे हेही तितकेच अविचाराचे. भक्षकाने भक्ष्य खाणे हा निसर्गक्रम आहे. त्यात गृहस्थाचा संकल्प नाही.

एवढे सारे करूनही प्रसंग कधी हाताबाहेर जाऊ शकतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. रुग्णालय, धान्याचे कोठार, साथीच्या रोगाने ग्रासलेली वस्ती येथे परसबागेचे नियम पुरेसे पडत नाहीत. तेथेही ज्ञानाची साथ सोडून चालत नाही. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ साली कराचीत प्रयोग करून, प्लेग उंदरावरील पिसवांमार्फत पसरतो हे दाखवून दिले. मेलेल्या उंदराच्या थंड शरीरावरून पिसवा नवा आश्रय शोधू लागतात. म्हणून अशा साथीत आधी पिसवांचा बंदोबस्त न करता उंदीर मारीत सुटणे उलट धोक्याचे ठरते. असे निर्णय आरोग्य खात्याच्या व जाणकारांच्या सल्ल्याने घ्यावेत, आणि जी हिंसा अटळ ठरली तिची विरोधी हिंसा म्हणून नम्रपणे, पश्चात्तापबुद्धीने नोंद घ्यावी. मात्र रुग्णालयाचा अपवाद पुढे करून गुलाबाच्या वाफ्यासाठी विष पेरणे, ही आत्मवंचना होय.

बंधू-भगिनींनो, अहिंसेला दुबळेपणा समजणारे लोक पुष्कळ आहेत, आणि अहिंसा म्हणजे काहीच न करणे अशी समजूत करून घेणारे त्याहून अधिक. घुशीचे बीळ या दोघांनाही उत्तर देते. विष ठेवावयास पाच मिनिटे पुरतात. अंगण रोज झाडणे, जाळी गाडणे, महिनाभर थांबणे, पुन्हा पाहणे यांस वर्षभराचा जागरूकपणा लागतो. हिंसा हा आळशाचा मार्ग आहे, अहिंसा हा कष्टाळू माणसाचा.

आज घरी गेल्यावर प्रत्येकाने एकच गोष्ट करावी. सकाळी पक्ष्यांना टाकलेल्या दाण्यांपैकी किती दाणे अंगणात उरले आहेत, ते सूर्यास्तापूर्वी वाकून पाहावे आणि हाताने वेचून घ्यावेत. तेवढ्याने कदाचित एका जिवाचे निमंत्रण रद्द होईल, आणि त्याबरोबरच त्याची शिक्षाही.

जय जिनेंद्र.